१-११ संघातला सर्वोत्तम माणूस: पीटर स्कोरोन्स्की

डावाटॅकल (धागाकर्ता)

२०२२च्या मोसमात शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ १२ सामने खेळला आणि त्यातले ११ हरला. त्याच मोसमात त्यांचा डावा टॅकल पीटर स्कोरोन्स्की एकमताने ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूंपैकी एक, ठरला. एकमताने म्हणजे एपी वृत्तसंस्था, वॉल्टर कॅम्प, प्रशिक्षकांची संघटना, फुटबॉल लेखकांची संघटना आणि स्पोर्टिंग न्यूज, या पाचही मान्यताप्राप्त याद्यांत पहिल्या संघात नाव. बिग टेन या विद्यापीठांच्या लीगमधला सर्वोत्तम आक्रमक लाइनमनही तोच. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजमधले खेळाडू पाळीपाळीने निवडतात तिथे, टेनेसी टायटन्सनी त्याला ११वा उचलला.

आमच्या व्हॉट्सॅप गटात याच्यावरून दर हिवाळ्यात एकच प्रश्न येतो, "एवढा भारी होता तर संघ हरत का होता?" तिथे उत्तर लिहून लिहून कंटाळलो, म्हणून इथे धागा.

खेळ ओळखीचा नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. आक्रमणात ११ जण असतात, त्यातले पाच मधल्या ओळीत, हेच लाइनमन: सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. हे पाच जण पास झेलायला पुढे पळू शकत नाहीत. धावणाऱ्याला वाट करून द्यायची आणि पासच्या वेळी चेंडू फेकणाऱ्यापर्यंत, म्हणजे क्वार्टरबॅकपर्यंत, कोणाला पोचू द्यायचं नाही, एवढंच काम. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकायला वळला की त्याची पाठ डावीकडे होते, म्हणून डाव्या टॅकलचा भाव जास्त. प्रतिस्पर्ध्याचा सगळ्यात चपळ रशर (क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) अनेकदा तिथूनच येतो. या पाचांच्या नावावर ना धावा, ना यार्ड, ना टचडाउन. स्टेडियममध्ये त्यांचा नंबर पुकारला जातो तो बहुधा होल्डिंग, म्हणजे समोरच्याला धरून ठेवणं, केल्यावर, दहा यार्डांच्या शिक्षेसकट.

आता स्कोरोन्स्कीची तीन वर्षं बघा. २०२०मध्ये आधीचा डावा टॅकल रशॉन स्लेटर कोरोनामुळे खेळलाच नाही आणि त्याच्या जागी हा १९ वर्षांचा पोरगा, पहिल्याच वर्षी, थेट डावा टॅकल म्हणून उभा राहिला. संघ ७-२, बिग टेनच्या वेस्ट विभागाचं विजेतेपद, सिट्रस बोलमध्ये (बोल म्हणजे मोसमानंतरचा खास सामना) ऑबर्नवर ३५-१९ असा विजय, एपीच्या शेवटच्या यादीत १०वा क्रमांक. २०२१मध्ये ३-९. २०२२मध्ये १-११. जागा तीच, माणूस तोच, दर वर्षी आधीच्यापेक्षा तयार. आणि संघ मात्र घरंगळत खाली.

माझं म्हणणं असं की लाइनमनचा दर्जा आणि संघाचा निकाल यांचं नातं आपण धरतो त्याच्या निम्मंही नसतं. उलट हरणाऱ्या संघात लाइनमनचं काम जास्त अवघड होतं, आणि ते निकालाच्या पाटीवर कुठेही उमटत नाही.

---

ताकभात

धागा आवडला, पण एक खडा टाकतोच. २०२३मध्ये हा टायटन्सकडे गेला आणि त्याच वर्षी नॉर्थवेस्टर्न ८-५! लास व्हेगास बोलमध्ये युटालासुद्धा हरवलं, १४-७. म्हणजे सर्वोत्तम माणूस गेला आणि संघ सुधारला? :)

---

डावाटॅकल

@ताकभात, हा खडा माझ्याच पदरात पडला की हो. मीही तेच म्हणतोय, एका लाइनमनच्या असण्यानसण्यावर निकाल ठरत नाही.

२०२३मध्ये बदललं काय ते बघा. सिनसिनाटीहून बेन ब्रायंट नावाचा अनुभवी क्वार्टरबॅक आला. मुख्य प्रशिक्षक पॅट फिट्झजेराल्डना जुलैमध्ये रॅगिंग प्रकरणावरून विद्यापीठाने काढलं (आपल्याला त्यातलं काही माहीत नव्हतं असं त्यांचं म्हणणं) आणि जेमतेम काही महिन्यांपूर्वी बचावाची जबाबदारी घेऊन आलेल्या डेव्हिड ब्रॉनच्या गळ्यात मुख्य प्रशिक्षकपद पडलं. तो बिग टेनचा त्या वर्षीचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. २०२२मध्ये संघ चेंडू असा उधळत होता की बोलायची सोय नाही. ते थांबलं आणि सामने हातात राहायला लागले. यातलं एकही काम डाव्या टॅकलच्या हातातलं नाही.

---

ओकपार्ककाकू

मी २०२२च्या ५ नोव्हेंबरला नॉर्थवेस्टर्नच्या स्टेडियममध्ये, रायन फील्डमध्ये होते, ओहायो स्टेटच्या सामन्याला. मुलाच्या मित्राकडे जास्तीचं तिकीट होतं म्हणून गेले, खेळातलं कळतं बेताचंच. त्या दिवशीचा वारा मात्र जन्मात विसरणार नाही. टोपी गेली, मफलर जाता जाता वाचला. चेंडू हवेत भलतीकडेच जात होता. ओहायोचा तो क्वार्टरबॅक स्ट्राउड, पुढे ड्राफ्टमध्ये दुसरा गेला तो, त्याला अख्ख्या सामन्यात ७६ यार्डच पास करता आले! आणि पहिला टचडाउन आपल्या लोकांचा, मध्यंतराला ७-७. दुसऱ्या क्रमांकाचा संघ समोर, आणि बरोबरी. शेवटी हरले २१-७, पण स्टेडियममधून बाहेर पडताना कोणी मान खाली घालून चाललेलं नव्हतं.

मुलाच्या मित्राने सांगितलं होतं, "काकू, चेंडूकडे बघू नका, ७७ नंबरकडे बघा." बघितलं बराच वेळ. खरं सांगायचं तर कंटाळा आला, कारण त्याच्या बाजूला काही घडतच नव्हतं. समोरचा यायचा, भिंतीला धडकल्यासारखा थांबायचा, आणि तोवर चेंडू कुठेतरी गेलेला असायचा. मी तसं म्हटल्यावर तो मुलगा हसत सुटला. म्हणे, हेच तर बघायचं होतं.

---

डावाटॅकल

काकू, लाख बोललात. टॅकलचा चांगला दिवस म्हणजे कंटाळवाणा दिवस.

---

गावठी_कबड्डी

मला फुटबॉलचं ओ की ठो कळत नाही, पण कबड्डी खेळलोय तालुका पातळीपर्यंत. हे ऐकून डावा कोपरा आठवला. चढाईपटू हुशार असेल तर तगड्या कोपऱ्याच्या वाटेला जातच नाही. तो कच्चा कोपरा शोधतो, नाहीतर साखळीत जिथे हात सुटतो तिथे घुसतो. मग तगडा कोपरा दिवसभर उभा राहतो आणि संघ लोण खातो. तसंच का?

---

डावाटॅकल

@गावठी_कबड्डी, अगदी तसंच, आणि तुम्ही माझा अर्धा लेख दोन वाक्यांत उरकलात. बचावाचा प्रशिक्षक आठवडाभर चित्रफिती बघून ठरवतो की या पाचांत कच्चा कोण. रशरला त्याच्यासमोर आणून उभं करतो. दोन रशर मुद्दाम वाटा बदलून गार्ड आणि टॅकलच्या मधून घुसवतो, त्याला स्टंट म्हणतात. त्यात समोरचा माणूस ऐनवेळी शेजाऱ्याच्या हवाली करायचा असतो आणि शेजाऱ्याने तो घ्यायचा असतो. शेजारी अर्धा क्षण उशीर करतो आणि क्वार्टरबॅक आडवा. टीव्हीवर वाटतं डाव्या बाजूने आला, म्हणजे टॅकलची चूक.

चार जणांनी आपापला माणूस रोखला आणि पाचव्याचा सुटला तर सॅक (चेंडूसकट क्वार्टरबॅक आडवा) तो सॅकच. आक्रमणात पाचपैकी चार म्हणजे ८० टक्के गुण असं नसतं.

---

पिवळाबावटा

हे पटलं. पण "हरणाऱ्या संघात काम जास्त अवघड" हे नीट मांडा. उलटही म्हणता येईल. नामांकित संघाच्या लाइनमनला मोठ्या सामन्यांत मोठ्या रशरांशी भिडावं लागतं, हरणाऱ्याला कोण विचारतं?

---

डावाटॅकल

@पिवळाबावटा, बिग टेनमध्ये समोरचे तेच असतात, तुम्ही हरता का जिंकता यावर ते बदलत नाहीत. ओहायो स्टेट, पेन स्टेट, आयोवा, विस्कॉन्सिन सगळे नॉर्थवेस्टर्नच्या २०२२च्या वेळापत्रकात होते. आणि बिग टेनमधलं तेव्हाचं एकमेव खासगी विद्यापीठ हे, प्रवेशाचे निकष कडक, त्यामुळे राखीव फळीत ओहायोसारखी रांग नसते.

आता अवघड कसं ते. संघ १४ गुणांनी मागे पडला की धावून यार्ड काढायला वेळ उरत नाही, पास फेकावाच लागतो. हे समोरच्या रशरलाही ठाऊक असतं. एरवी त्याला स्नॅपनंतर, म्हणजे सेंटरने चेंडू मागे दिल्यावर, क्षणभर थांबून बघावं लागतं की हा धावण्याचा डाव आहे का पासचा. त्या क्षणभरातच टॅकल मागे सरकून आपली जागा पकडतो. पिछाडीवर असलेल्या संघासमोर रशर थांबतच नाही, चेंडू हलला की सुसाट सुटतो. दहा यार्ड काढायला चारच डाव मिळतात, आणि तिसऱ्या डावालाही दहा यार्ड हवे असतील तर क्वार्टरबॅकला चेंडू जास्त वेळ हातात धरावा लागतो, म्हणजे टॅकलला तितकाच जास्त वेळ झुंजायचं. पुढे असलेल्या संघाचा टॅकल मात्र शेवटचा पाव सामना धावण्याच्या डावांत पुढे झेपावत काढतो, मागे सरकायची वेळ क्वचित. ते लाइनमनचं आवडतं काम.

म्हणजे एका सामन्यात पासच्या वेळी अडवायच्या खेपा वाढतात, आणि त्यातली प्रत्येक खेप वाईट परिस्थितीतली असते. अशा वातावरणात दोन वर्षं काढून पाचही याद्यांत पहिला येणं ही मला १३-० संघातल्या लाइनमनपेक्षा मोठी गोष्ट वाटते. हा माझा कल आहे, वाद घाला.

---

निव्वळ_वाचक

घालतो. त्याच वर्षी सर्वोत्तम लाइनमनची आउटलँड ट्रॉफी मिळाली मिशिगनच्या ओलुसेगुन ओलुवाटिमीला. तो सेंटर, मिशिगनने साखळीतले सगळे सामने जिंकले. मग ट्रॉफी देणारे चुकले म्हणता?

---

डावाटॅकल

चुकले असं नाही म्हणत. ओलुवाटिमी फार चांगला होता, सर्वोत्तम सेंटरची रिमिंग्टन ट्रॉफीही त्यालाच मिळाली, आणि सेंटर अख्ख्या ओळीला हाका देतो त्यामुळे मिशिगनची ओळ जे करत होती त्याचं श्रेय त्याला जायलाच हवं. मला एवढंच दिसतं की जिंकणाऱ्या संघाच्या ओळीवर कॅमेरा फिरतो. व्यावसायिक संघांच्या निवडकर्त्यांना निकालाशी देणंघेणं नसतं. ते एकेक स्नॅप मागेपुढे करून बघतात. त्यांनी स्कोरोन्स्कीला ११वा घेतला आणि ओलुवाटिमीला पाचव्या फेरीत.

---

पिवळाबावटा

सेंटरला ड्राफ्टमध्ये टॅकलएवढी किंमत कधीच नसते, त्यामुळे ही तुलना तेवढी सरळ नाही. बाकी ठीक.

---

डावाटॅकल

मान्य, तेवढा भाग वजा करा.

---

ताकभात

त्या मोसमातला एकमेव विजयही अमेरिकेत नव्हता, हे कोणीच कसं लिहिलं नाही? २७ ऑगस्टला आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या अविवा स्टेडियमवर, नेब्रास्काविरुद्ध ३१-२८. नेब्रास्का २८-१७ पुढे असताना त्यांच्या प्रशिक्षकाला, स्कॉट फ्रॉस्टला, अवदसा आठवली आणि त्याने ऑनसाइड किक (चेंडू आपल्यालाच परत मिळावा म्हणून मारलेली आखूड किक) मारायला लावली. चेंडू नॉर्थवेस्टर्नकडे, आणि मग लागोपाठ दोन टचडाउन. दोन आठवड्यांत फ्रॉस्टची नोकरी गेली. त्या दिवशी स्टेडियममधली कार्डाने पैसे घेणारी यंत्रणा बंद पडली म्हणून लोकांना बिअर फुकट वाटली होती. आयर्लंडमध्ये अजिंक्य आणि मायदेशात शून्य, असा तो मोसम.

---

डावाटॅकल

हो, आणि घरी परतल्यावर ड्यूककडून ३१-२३, मग सदर्न इलिनॉयकडून ३१-२४. हा दुसरा संघ तर खालच्या विभागातला. मग मायामी ऑफ ओहायो १७-१४. या तिन्हींतला एकही पराभव दणकून झालेला नाही, आणि हेच जास्त छळतं. पेन स्टेटने पावसात पाच वेळा चेंडू गमावला तरी हे १७-७ हरले. मोसमाच्या शेवटी मात्र मिनेसोटा ३१-३ आणि इलिनॉय ४१-३, तिथे अवसानच गळालं होतं.

तसं या विद्यापीठाला हरणं नवीन नाही. १९७९ ते १९८२मध्ये सलग ३४ सामने हरून त्यांनी विक्रम केला होता. मग १९९५मध्ये बिग टेन जिंकून रोझ बोलला गेले, आणि त्या संघाच्या बचावातला लाइनबॅकर होता हाच पॅट फिट्झजेराल्ड.

---

ओकपार्ककाकू

याचे आजोबा पण खेळायचे ना? आमच्या शेजारचे म्हातारे गृहस्थ ग्रीन बेचे कट्टर भक्त, त्यांच्या तोंडी स्कोरोन्स्की म्हणजे बॉब.

---

डावाटॅकल

हो काकू. बॉब स्कोरोन्स्की, व्हिन्स लोम्बार्डींच्या ग्रीन बे पॅकर्सचा डावा टॅकल. १९६१ ते १९६७ या काळात पाच अजिंक्यपदं, त्यात पहिल्या दोन सुपर बोल. २०१८मध्ये गेले, तेव्हा नातू पार्क रिजच्या मेन साउथ हायस्कूलमध्ये होता. आजोबांना जिंकण्याचीच सवय, नातवाच्या वाट्याला १-११. आणि जागा दोघांची एकच!

---

निव्वळ_वाचक

मग घरचाच पोरगा शिकागोच्या व्यावसायिक संघाने, बेअर्सनी, का नाही घेतला? त्यांना २०२३मध्ये टॅकल हवाच होता आणि त्यांचा क्रमांक १०वा होता.

---

पिवळाबावटा

या जखमेवर मीठ चोळू नका हो. नवव्यावरून एक पायरी खाली उतरून १०व्यावर त्यांनी टेनेसी विद्यापीठाचा डार्नेल राइट घेतला. पुढच्याच क्रमांकावर टायटन्सनी स्कोरोन्स्की. राइट उजवा टॅकल म्हणून चांगला निघाला, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. कारण सगळ्यांना माहीत आहे: हात.

---

गावठी_कबड्डी

हाताचं काय?

---

पिवळाबावटा

ड्राफ्टआधी इंडियानापोलिसला सगळ्यांची मोजमापं घेतात. स्कोरोन्स्की ६ फूट ४ इंच, ३१३ पौंड, सगळं झकास. हाताची लांबी भरली ३२.२५ इंच. टॅकलला ३३ तरी हवेत असा एक जुना दंडक आहे. सव्वाबत्तीस म्हटल्यावर महिनाभर सगळीकडे एकच चर्चा, "हा टॅकल नाही, गार्ड आहे."

कारण समजायला सोपं आहे. रशर आणि टॅकल भिडतात तेव्हा ज्याचे हात आधी समोरच्याच्या छातीवर पडतात तो दुसऱ्याला दिशा देतो. टोकाला मोकळी जागा असते, रशर वळसा घालून येतो, तिथे लांब हाताने त्याला दूर ठेवता येतं. आत गार्डच्या जागी माणसं खेटूनच असतात, तिथे लांबी नाही तर बुड किती घट्ट रोवलंय ते चालतं.

---

डावाटॅकल

कारण बरोबर, पण त्याला गजकाठी करून टाकलंय ते मला मान्य नाही. कमी लांबीवर त्याने स्वतःचा तोडगा काढला होता. दोन्ही हात एकदम फेकायचा नाही. एक हात दाखवायचा, रशरने तो झटकायला हात उचलला की दुसरा खालून छातीत. पाय इतके वेळेवर पडायचे की रशरला वळसा घ्यायला कोपराच उरायचा नाही. पोचायला लागलंच नाही तर हात लांब कशाला हवेत?

आणि त्याच्या आधीचा स्लेटर बघा. २०१९मध्ये नॉर्थवेस्टर्न ३-९ असताना त्याने ओहायो स्टेटचा रशर चेस यंग याला आपल्या बाजूने फारसं काही करू दिलं नव्हतं. त्याचे हात मोजून ३३ इंच, तेव्हाही "गार्ड करा" म्हणणारे होतेच. चार्जर्स या व्यावसायिक संघाने १३वा घेऊन त्याला डावा टॅकलच ठेवला. पहिल्याच वर्षी प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवड, २०२५च्या जुलैमध्ये चार वर्षांचे ११.४ कोटी डॉलर. (पुढच्याच महिन्यात गुडघ्याचा स्नायुबंध तुटून मोसम गेला, ते वेगळं दुःख.) पाऊण इंचावर एकाची कारकीर्द टोकाला आणि दुसऱ्याची आत.

---

पिवळाबावटा

मुद्दा पोचला, पण टायटन्सनी केलं ते चूक होतं असं अजूनही वाटत नाही. गार्ड म्हणून तो पहिल्या दिवसापासून खेळतोय. मधे दुसऱ्या आठवड्याच्या तोंडावर अपेंडिक्सचं तातडीचं ऑपरेशन झालं तेवढे सामने सोडले तर.

---

डावाटॅकल

गार्ड म्हणून चांगलाच आहे, त्याबद्दल वाद नाही. माझा राग वेगळा आहे. त्याला आत घेतला आणि टोकाला २०२३मध्ये आंद्रे डिलार्ड उभा केला. तो टिकला नाही. २०२४मध्ये पहिल्या फेरीत जेसी लॅथम आणला, त्याला डावीकडे लावला. २०२५मध्ये डॅन मूर आणला आणि लॅथमला उजवीकडे धाडला. तीन वर्षांत तीन शेजारी! वर स्टंट सांभाळण्याचं लिहिलंय ना, शेजाऱ्याच्या हवाली करणं, ते असं दर वर्षी नव्याने बसवायचं. २०२४मध्ये टायटन्स ३-१४ आणि ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक. म्हणजे कॉलेजमध्ये होतं तेच पुन्हा.

---

ताकभात

मग २०२१च्या ३-९ नंतर हा दुसरीकडे का नाही गेला? तोवर ट्रान्सफरचे नियम सैल झाले होते, एनआयएलचे, म्हणजे खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर मिळणारे, पैसे सुरू झाले होते. याला तर कोणीही पायघड्या घातल्या असत्या.

---

डावाटॅकल

त्याच्या मनातलं मी कसं सांगू. पण व्यवहार म्हणून बघितलं तर लाइनमनला हलण्यात फायदा कमी आहे. क्वार्टरबॅक चांगल्या संघात गेला की त्याचे आकडे फुगतात. लाइनमनचे आकडेच नसतात, निवडकर्ते चित्रफीत बघतात आणि ती विद्यापीठाच्या गावी, एव्हन्स्टनमध्येही तेवढीच स्वच्छ दिसते. नवीन ठिकाणी नव्या हाका, नवा शेजारी, नवी पायाची पद्धत. शिवाय घर विद्यापीठापासून गाडीने फार लांब नाही.

---

निव्वळ_वाचक

एक व्यावहारिक प्रश्न. मला पुढच्या मोसमात हे बघायला शिकायचंय. टीव्हीवर कॅमेरा चेंडूमागे धावतो, तर लाइनमन बघायचा कसा?

---

डावाटॅकल

स्नॅपच्या आधी एकच माणूस निवडा आणि पहिली तीन सेकंदं नजर हलवू देऊ नका. कॅमेरा तोवर मध्यावरच असतो. तीन गोष्टी बघा: पहिलं पाऊल रशरच्या आधी पडलं का, पार्श्वभाग खाली आहे का कंबरेतून वाकलाय, आणि हात छातीवर पडले का खांद्याबाहेर. कंबरेतून वाकला की तो हरलाच समजा, निकाल दोन सेकंदांनी दिसेल. रिप्ले मागून दाखवतात तेव्हा पाचही जण एकत्र दिसतात, तो चुकवू नका. आणि सामना निवडताना पिछाडीवरचा संघ निवडा, शेवटचा पाव भाग.

---

ओकपार्ककाकू

ते रायन फील्ड तर पाडलं ना हो? २०२४मध्ये तळ्याकाठी तात्पुरत्या स्टेडियममध्ये सामने होते, आम्ही फिरायला गेलो तेव्हा बाहेरून बघितलं. तिथला वारा त्या नोव्हेंबरपेक्षा कमी नसणार.

---

डावाटॅकल

पाडलं काकू, त्याच जागी नवीन बांधायला घेतलं, जुन्यापेक्षा लहान, साधारण ३५ हजारांचं. जुन्यात ४७ हजार मावायचे, पण भरायचं ते बहुतेक पाहुण्यांच्या लाल शर्टांनीच.

---

पिवळाबावटा

जाता जाता, त्याच १-११ संघाच्या बचावात आडेटोमिवा आडेबावोरे होता. २८२ पौंडांचा माणूस ४० यार्ड ४.४९ सेकंदांत पळाला! त्याला कोल्ट्सनी चौथ्या फेरीत घेतलं. सरावात हे दोघं रोज एकमेकांसमोर उभे राहत असतील तर ती चित्रफीत मी तिकीट काढून बघेन.

---

डावाटॅकल

आडेबावोरेवर धागा तुम्ही काढा. मी प्रतिसादांत भांडायला येतो.